लेबर रूममध्ये मिळालेली वागणूक: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

माझं पहिलं बाळंतपण होऊन नऊ वर्षं झाली, आणि तिथे काय झालं ते मी मोकळेपणाने लिहिलं त्याला चार. तेव्हापासून मेसेज येतायत ते थांबलेले नाहीत. पहिलटकरणी लिहितात, त्यांच्या आया लिहितात, कधी नवरा, कधी एखादी सिस्टर. प्रश्न बरेचसे तेच ते असतात म्हणून इथे एकत्र करून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. वाचलं, विचारलं, काही जणींसोबत तक्रार घेऊन ऑफिसांच्या पायऱ्या चढले, त्यातून जे कळलं ते लिहिलंय.

१. डिलिव्हरीत थोडंफार ओरडतातच ना सगळे? त्याला लगेच छळ म्हणायचं का?

ओरडण्या-ओरडण्यात फरक असतो. बाळाचं डोकं दिसतंय आणि सिस्टर मोठ्याने म्हणतेय "आता जोर लाव, श्वास सोडू नको, शाब्बास", तर तो आवाज तुमच्यासाठी चढलेला असतो आणि नंतर तो आठवला तरी बरंच वाटतं. पण "नवऱ्याजवळ जाताना नाही रडलीस, आता कशाला बोंबलतेस" हे वाक्य वेगळं आहे. हे वाक्य मला इतक्या गावांतून, इतक्या वेगवेगळ्या बायकांकडून जवळजवळ शब्दाला शब्द आलंय की कुठेतरी ते शिकवतात की काय असं वाटावं. त्याने कळा कमी होत नाहीत आणि बाळही लवकर येत नाही, बाई फक्त गप्प होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली यावर निवेदन काढलं, त्यात मारहाण आणि अपमान तर आहेच, शिवाय न विचारता केलेल्या प्रोसिजर, दुखणं कमी करायचं औषध नाकारणं, आडोसा न ठेवणं, दाखल करून घ्यायला नकार, कळा चालू असताना एकटं टाकून जाणं, बिलासाठी बाई किंवा बाळ अडकवून ठेवणं हे सगळं येतं. मांडीवर चापट मारणं, तोंड दाबणं, "बाळ मेलं तर आम्हाला बोलू नका" अशी धमकी देणं, हे बाळंतपणाचा भाग नाहीये.

२. माझ्यासोबतच झालं का हे? सासूबाई म्हणतात मी जास्त मनाला लावून घेतलंय.

नाही, तुम्ही एकट्या नाही आहात. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो छापून आला. संशोधक प्रत्यक्ष लेबर रूममध्ये बसून बघत होते आणि नंतर बायकांशीही बोलले. एक तृतीयांशापेक्षा जास्त बायकांना शिवीगाळ, मारहाण, हिणवणं किंवा भेदभाव असं काही ना काही सोसावं लागलं होतं. कमी वयाच्या, कमी शिकलेल्या मुलींना जास्त. आणि त्रास सगळ्यात जास्त कधी, तर बाळ बाहेर येण्याच्या अर्धा तास आधीपासून ते नंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत, म्हणजे बाई सगळ्यात हतबल असते नेमकी तेव्हा.

आपल्याकडे घरी बाळंतपण करण्याचा काळ मागे पडला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये तो आकडा ८८.६ झाला आणि महाराष्ट्रात ९४.७. हे चांगलंच झालं, माझीसुद्धा डिलिव्हरी घरी झाली असती तर मी आज कदाचित नसते. पण सगळ्यांना दवाखान्यात बोलावलंय तर तिथे माणसासारखं वागवायला हवं, एवढंच मागणं आहे. सासूबाईंना एकदा त्यांच्या बाळंतपणाबद्दल शांतपणे विचारून बघा. माझ्या सासूबाई चाळीस वर्षांनी पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलता बोलता रडल्या.

३. हे सरकारी दवाखान्यातच होतं ना? आम्ही प्रायव्हेटमध्ये नाव घालणार आहोत.

प्रायव्हेटमध्ये शिव्या कमी ऐकू येतात हे खरं आहे, बेड स्वतंत्र असतो, पडदा असतो. पण तिथले मेसेज वेगळ्या प्रकारचे येतात. काहीच न सांगता सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं, रात्री अकराला अचानक "बाळाचे ठोके कमी झालेत, सही करा" आणि नंतर फाईलमध्ये त्याची नोंदच नाही, प्रश्न विचारला तर "तुम्ही डॉक्टर आहात का?". प्रत्येक सीझर चुकीचं असतं असं अजिबात म्हणायचं नाहीये, त्याने जीव वाचतात. पण का करताय ते दोन वाक्यांत सांगणं कुठल्याही डॉक्टरला जमतं, आणि ते सांगायलाच हवं.

४. लेबर रूममध्ये आईला सोबत थांबू देतात का? आमच्याकडे तर दारातच अडवतात.

सोबतीण ठेवता यावी असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलंय. कळा सोसलेली घरातली बाई सोबत असावी असं त्यात आहे, आणि जिथे दोन टेबलांमध्ये नीट आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही घेता येतं. सोबतच्या बाईचे कपडे स्वच्छ असावेत, तिला सर्दी-खोकल्यासारखा संसर्ग नसावा, मध्ये मध्ये ये-जा करू नये आणि डॉक्टर-सिस्टरच्या कामात लुडबुड करू नये, इतकंच. डिसेंबर २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही सोबतीण, पडदे आणि सन्मानाची वागणूक हे मुद्दे आहेत.

तरी अडवतात. कारण विचारलं तर "बाकीच्या बायका उघड्या असतात, तुमच्या आईला कसं आत घेणार" असं सांगतात, म्हणजे पडदा नाही म्हणून सोबत नाही, आणि पडदा का नाही हे कोणी बोलत नाही. माझा अनुभव असा की कळा सुरू झाल्यावर दारात भांडून काही होत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच डॉक्टरांना विचारा, आशाताईंना सोबत न्या, आणि कोण थांबणार तिचं नाव केस पेपरवर लिहून घ्या. ज्या दोघी-तिघींनी हे केलं त्यांना आत सोडलं.

५. भूल न देता टाके घातले. "दोनच टाके आहेत, सहन कर" म्हणाले. असं करतात का?

करायला नको. टाके घालायच्या आधी ती जागा बधिर करायचं इंजेक्शन असतं, साधं असतं, आणि नुकतंच बाळंतपण झालंय म्हणून दुखत नाही हे खोटं आहे. मला दुखलं. मला आठवतंय, समोरच्या भिंतीवरची एक टाईल कोपऱ्यात फुटलेली होती आणि मी तिच्याकडे बघत टाके मोजत होते, सहा झाले, सातव्याला मी पाय आखडला तर मांडीवर फटका बसला. टाके घालणारीच्या शेजारी उभी असलेली विचारत होती की डब्यात आज काय आणलंयस, आणि हिने टाका ओढता ओढता सांगितलं, मेथी. मला अजून मेथी निवडताना हातात ती जुडी जड वाटते.

आणि मुळात कट, म्हणजे बाळाला वाट मोकळी व्हावी म्हणून खाली दिलेला छेद. पहिलटकरीण आहे म्हणून सरसकट कट द्यायचा ही जुनी सवय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये सरसकट कट देऊ नका असंच म्हटलंय. गरज पडली तर देतात, पण तेव्हाही आधी सांगून आणि जागा बधिर करून. टाक्यांची जागा आज वर्षभरानंतरही दुखत असेल, संबंधांच्या वेळी त्रास होत असेल, तर लाजू नका आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपचार आहेत.

६. दवाखान्यातल्या मावशीने (आयाबाईने) पोटावर चढून कोपराने दाबलं. बाळ लवकर यावं म्हणून करतात म्हणे.

करतात, खूप ठिकाणी करतात. २०१८ च्या त्याच सूचनांमध्ये बाळ ढकलायला वरून पोट दाबू नये असं स्पष्ट आहे. ही गोष्ट पेपरवर कुठेच लिहिली जात नाही, त्यामुळे नंतर सिद्ध करणं अवघड होतं. कोणी केलं, कधी केलं, फासळ्या किती दिवस दुखल्या हे लगेच लिहून ठेवा (कसं लिहायचं ते प्रश्न १२ मध्ये). बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबावा म्हणून पोटावरून हाताने गर्भपिशवी चोळतात ते वेगळं, ते गरजेचं असतं आणि तेही दुखतं, दोन्हींची गल्लत करू नका.

७. दर अर्ध्या तासाला कोणी ना कोणी येऊन आतून तपासत होतं, त्यात स्टुडंट पण होते. नाही म्हणता येतं का?

येतं. कळा व्यवस्थित सुरू झाल्यावर साधारण चार तासांनी एकदा आतून तपासणं पुरेसं धरतात, काही अडचण दिसली तर लवकर. शिकणाऱ्यांना शिकावं लागतं हे मला मान्य आहे, मोठ्या सरकारी दवाखान्यांत तेच उद्याचे डॉक्टर तयार होतात. पण "मी अमुक, शिकतेय, तपासू का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? तुमचा होकार लागतो, आणि नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत एक बाई हवी, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ती सनद २०१८ मध्ये तयार केली आणि पुढच्या वर्षी केंद्राने ती राज्यांना पाठवली.

८. सीझरच्या फॉर्मवर नवऱ्याचीच सही लागते का? तो दुबईला आहे.

तुम्ही सज्ञान आहात आणि शुद्धीत आहात, तर तुमची सही पुरते. दवाखाने नवऱ्याची किंवा आईवडिलांची मागतात ते नंतर कटकट नको म्हणून, कायद्याला तुमची संमती लागते. दाखल होतानाच चार-पाच कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतात तेही बरोबर नाही, फॉर्म भरलेला हवा आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितलेला हवा. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहलींच्या केसमध्ये सांगितलंय की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही. अपवाद एकच, जीव वाचवायला तिथल्या तिथे काही करणं भाग असेल तर डॉक्टर थांबत नाहीत आणि थांबूही नये. "टेबलावर होतीच तर करून टाकलं" ही इमर्जन्सी नव्हे.

९. दोन वर्षांनी सोनोग्राफीत कळलं की मला तांबी (कॉपर-टी) बसवलेली आहे. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं काहीतरी गैरसमज झाला असेल. नंतर अशा आणखी सहा जणी भेटल्या. एक तर दोन वर्षं दिवस राहत नाहीत म्हणून घरच्यांचे टोमणे खात होती, उपास करत होती. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवणं ही सरकारी योजनेतली गोष्ट आहे, ज्यांना पाळणा लांबवायचाय त्यांना चांगली सोय आहे, पण आधी समजावून सांगून, विचारून, आणि कार्डावर लिहून. न सांगता बसवणं हा संमतीचा सरळ सरळ भंग आहे (प्रश्न ८). डिस्चार्ज कार्ड आणि केस पेपर काढून त्यावर काय लिहिलंय ते बघा (प्रश्न १३), आणि तांबी काढून घ्यायची तर कुठल्याही सरकारी दवाखान्यात काढता येते, नवऱ्याला विचारून या असं सांगायचा कोणाला अधिकार नाही.

१०. मुलगा झाला म्हणून हजार रुपये मागितले, दिल्याशिवाय बाळ दाखवेनात. खुशीने द्यायचे असतात का?

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, म्हणजे २०११ पासून, डिलिव्हरी फुकट आहे. सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, आणायची-सोडायची गाडी, नॉर्मल असेल तर तीन दिवस आणि सीझर असेल तर सात दिवस जेवण, सगळं. पहिलं मूल की चौथं अशी अट नाही. त्यामुळे कोणी पैसे मागत असेल तर ती लाच आहे, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. खुशी ही मागून मिळत नसते, आणि मुलगी झाली की मागणारे दर कमी करतात ते बघून तर अंगाचा तिळपापड होतो.

११. तिसरं मूल, लग्न न झालेली आई, खालची जात म्हणून टोमणे, एचआयव्ही... अशा वेळी दवाखाना परत पाठवू शकतो का?

नाही. कळा सुरू झालेल्या बाईला कुठल्याही कारणाने दारातून परत पाठवता येत नाही. तिथे सोय नसेल तर प्राथमिक उपचार करून, चिठ्ठी देऊन, गाडीची व्यवस्था करून पुढे पाठवायचं असतं. २०१९ मध्ये 'सुमन' योजना आली तिचं म्हणणंच हे आहे की सेवा नाकारणं खपवून घेतलं जाणार नाही. त्याआधी २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टाने दोन गरीब बायकांच्या केसमध्ये बाळंतपणातले उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग धरला होता, त्यातली एक तर तोवर वारली होती.

एचआयव्ही आहे म्हणून नाकारणं किंवा वॉर्डात सगळ्यांसमोर सांगणं हे २०१७ च्या कायद्याविरुद्ध आहे. जातीवरून अपमान झाला तर अॅट्रॉसिटी कायदा आहे. लग्न झालंय का हा प्रश्न उपचारासाठी लागतच नाही. आई अठराच्या आतली असेल तर मात्र दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, त्यांच्यावर तसं बंधन आहे, पण तेवढ्यासाठी तिला थांबवून ठेवणं किंवा तिची लाज काढणं कुठल्याही कायद्यात नाही.

१२. तक्रार करायचीय. कुठे, कशी? फोनवर बोललं तर चालेल का?

लेखी करा. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. आणि लिहिताना विशेषणं टाळा. "माझ्याशी अत्यंत अमानुष वर्तन केलं" असं लिहिलं की समोरचा "तसं काही झालं नाही" लिहून मोकळा होतो. त्यापेक्षा असं लिहा: "अमुक तारखेला पहाटे साधारण दोन वाजता, लेबर टेबलावर, चष्मा असलेल्या सिस्टरने माझ्या उजव्या मांडीवर दोनदा मारलं आणि हे वाक्य बोलल्या. शेजारच्या टेबलावर आणखी एक बाई होती." नाव माहीत नसलं तरी चालतं, त्या रात्री ड्युटीवर कोण होतं हे त्यांच्या रजिस्टरला असतंच.

दोन प्रती काढायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. शिक्का देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर करा. ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिल असेल तर वैद्यकीय अधीक्षक आणि वर जिल्हा शल्यचिकित्सक. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, महापालिकेचा दवाखाना असेल तर महापालिकेचे आरोग्य अधिकारी, मेडिकल कॉलेज असेल तर डीन. 'आपले सरकार' पोर्टलवरही टाका, तिथे नंबर मिळतो. प्रायव्हेट असेल तर ज्यांनी त्या नर्सिंग होमची नोंदणी केलीय त्यांच्याकडे जायचं. राज्याने २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले, त्यात रुग्ण हक्कांची सनद लावणं आणि स्थानिक पातळीवर तक्रार निवारणाची सोय ठेवणं आलं. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आणि राज्य महिला आयोगही आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, मारहाण झाली असेल तर ती वैद्यकीय चूक नाही, मारहाणच आहे. "डॉक्टरांच्या समितीचा अहवाल येऊ दे" हे निष्काळजीपणाच्या केसला लागू पडतं, कानाखाली मारणं ही काही उपचारपद्धती नाही, त्यासाठी सरळ पोलिसांकडे जाता येतं.

१३. दवाखाना फाईल देत नाही. "हरवली" म्हणतात.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी द्या, झेरॉक्सचे पैसे द्या. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकारातही मागता येते. शक्यतो डिस्चार्जच्या दिवशीच मागा, तक्रार करणार आहात हे कळायच्या आधी. मिळाली की वेळा बघा. कळा किती वाजता, कोणी तपासलं, कट दिला असं लिहिलंय का, बधिर करायच्या इंजेक्शनची नोंद आहे का.

१४. बिल पूर्ण भरलं नाही म्हणून बाळ काचेच्या पेटीतून आमच्याकडे देत नाहीत.

बिलासाठी बाई किंवा बाळ अडकवून ठेवता येत नाही, रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे. बाकी रकमेसाठी त्यांनी रीतसर वसुली करावी. तिथूनच ११२ ला फोन करा, मालकाशी हुज्जत घालण्यात रात्र घालवू नका.

१५. दोन वर्षं उलटून गेली. आता काही होईल का?

ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, उशिराचं सबळ कारण असेल तर ते माफही करू शकतात. तांबीसारखी गोष्ट नंतर कळली असेल तर कळल्याच्या तारखेपासून मुदत धरा अशी बाजू मांडता येते, वकिलाला जरूर विचारा. जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट असतं असे दवाखाने मात्र ग्राहक कायद्यात येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच तसं सांगितलंय, म्हणून सरकारी बाबतीत प्रश्न १२ चाच रस्ता धरा.

१६. माझा भाऊ आणि नवरा जाऊन डॉक्टरला धडा शिकवतो म्हणतायत.

थांबवा त्यांना. दवाखान्यात मारहाण-तोडफोड केली तर राज्याच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, जामीनही सहज मिळत नाही, नुकसानीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. आणि मग तुमचं काय झालं हे कोणी विचारत नाही, केस त्यांच्यावरच चालते. त्यांना राग आलाय ना, तर अर्जाच्या झेरॉक्स काढायला आणि पोच घ्यायला पाठवा.

१७. मी स्वतः स्टाफ नर्स आहे. रात्री एकटीवर नऊ बायका असतात. आमची बाजू कोण लिहिणार?

तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. एका टेबलावर डोकं आलंय, दुसरीचा बीपी वाढलाय, तिसरीचे नातेवाईक दार वाजवतायत आणि मॅडम फोन उचलत नाहीत, अशा वेळी आवाज चढतो हे मला कळतं. एकटीवर नऊ बायका टाकणं हा तुमच्यावरचाही अन्याय आहे आणि स्टाफ वाढवा हे आमच्याही तक्रारीत लिहिलेलं असतं. पण गर्दी असते म्हणून हात उगारला जातो हे मला पटत नाही, कारण त्याच वॉर्डात, त्याच गर्दीत, दुसऱ्या पाळीची सिस्टर नावाने हाक मारत असते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात एक होत्या, वय पन्नाशीच्या पुढे, प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी म्हणायच्या "आता हात लावतेय हं बाळा". त्यांच्याकडेही त्या रात्री सात जणी होत्या. मी मोजल्या होत्या.

१८. दुसऱ्यांदा दिवस राहिलेत. खूप भीती वाटते, दवाखान्याचा वास आला तरी हात थरथरतात.

ही भीती खरी आहे आणि तिच्यावर मदत मिळते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पहिल्या वेळी काय झालं ते आत्ताच्या डॉक्टरांना सांगा. मी एका साध्या कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या: मागच्या वेळी भूल न देता टाके घातले होते, हात लावायच्या आधी सांगा, आई सोबत थांबेल, पाय बांधू नका. डॉक्टरांनी वाचून कागद फाईलला स्टेपल केला. जमलं तर आठव्या महिन्यात लेबर रूम एकदा बघून या, टेबल कुठे आहे, पडदा आहे का, बाथरूम कुठल्या बाजूला. आणि तिथे रात्रपाळीला कोण असतं ते आशाताईंना विचारा, त्यांना सगळ्या सिस्टर्स नावानिशी माहीत असतात.